खेळाडू हाही कर्मचारीच आहे

१५ मार्च २०२५ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा अंतिम सामना झाला. मुंबई इंडियन्सने दिल्ली कॅपिटल्सला ८ धावांनी हरवले आणि दुसऱ्यांदा करंडक जिंकला. या स्पर्धेत ५२३ धावा काढून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली ती इंग्लंडची नॅट सिव्हर-ब्रंट. तिच्या आडनावातले ‘ब्रंट’ हे तिच्या जोडीदाराचे. कॅथरीन ब्रंट ही इंग्लंडची नामांकित वेगवान गोलंदाज. दोघी वर्षानुवर्षे एकाच संघातून खेळल्या आणि २०२२ साली त्यांनी एकमेकींशी लग्न केले. समोरच्या दिल्ली संघातून दक्षिण आफ्रिकेची मारिझान कॅप खेळत होती. तिचेही लग्न २०१८ मध्ये तिच्याच देशाच्या तेव्हाच्या कर्णधार डेन व्हॅन निकर्क हिच्याशी झालेले.

ब्रेबॉर्नवर बसलेल्या मराठी माणसाने यांच्या खेळाला टाळ्या दिल्या. इथे रायपुरात डब्ल्यूआरएस कॉलनीपासून चौबे कॉलनीपर्यंत टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या मंडळींनीही दिल्या. कोणाचा धर्म बुडाला नाही, कोणाची मुलेबाळे बिघडली नाहीत. मुंबई जिंकली याचाच आनंद झाला.

आता थोडे मागे जाऊ. २३ जुलै २०१७ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिला इंग्लंडकडून ९ धावांनी हरल्या. इंग्लंडच्या संघात या दोघी होत्या. आणि भारताच्या पंधरा जणींच्या संघात तब्बल दहा जणी भारतीय रेल्वेच्या कर्मचारी होत्या. आपल्या दहा भगिनी! त्यांच्या खासगी आयुष्याशी आम्हाला काही कर्तव्य नाही, आणि त्यावर तर्क लढवणाऱ्यांनाही नसावे. कोणाचे नाव घेऊन कुजबुजणे हाच मुळात या प्रश्नातला निम्मा रोग आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंडच्या खेळाडूला जे चारचौघांत सांगता आले, ते उद्या रेल्वेच्या एखाद्या खेळाडूला, मग ती मुलगी असो की मुलगा, सांगावेसे वाटले तर त्याच्या नोकरीचे काय होईल?

कामगार संघटनेच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक बंधू-भगिनींना वाटेल. त्याचे उत्तर आपल्या देशातल्या खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटमधले मूठभर पुरुष सोडले तर भारतातला खेळाडू खेळावर जगत नाही, नोकरीवर जगतो. ती नोकरी देणाऱ्यांत रेल्वे सर्वांत मोठी. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ सालापासून आहे. कबड्डी, हॉकी, कुस्ती, अॅथलेटिक्स, व्हॉलीबॉल, कोणताही खेळ घ्या, राष्ट्रीय संघाच्या यादीत रेल्वेची नावे सापडतातच. क्रीडा कोट्यातून आलेला मुलगा टीटीई होतो, क्लार्क होतो, कारखान्यात तंत्रज्ञ होतो. गावाकडे आई-बापांना तो पैसे पाठवतो आणि धाकट्या भावंडांची लग्ने त्याच्या पगारावर होतात.

अशा खेळाडूचे मालक एक नाही, तीन असतात. एक, ज्या विभागात तो हजेरी लावतो तिथला अधिकारी. सरावासाठी कामातून सुटका द्यायची की नाही हे त्याच्या हाती. दुसरा प्रशिक्षक. शिबिराला कोणाला बोलवायचे, अकरात कोणाला घ्यायचे हे तो ठरवतो. तिसरी संघटना, म्हणजे खेळाचे महासंघ. या तिघांपैकी एकाचेही मन फिरले तरी खेळाडूचे मैदान सुटते आणि मैदान सुटले की बढतीची आशाही जाते. साध्या कर्मचाऱ्याला वरिष्ठाने त्रास दिला तर तो युनियनकडे येतो. खेळाडूला संघातून वगळले तर कागदावर काहीच उमटत नाही. ‘फॉर्म नव्हता’ एवढे तोंडी सांगितले की विषय संपला. अशा ठिकाणी माणूस आपल्या मनातली गोष्ट लपवून ठेवील नाही तर काय करील? भारताच्या पुरुष क्रिकेट संघातल्या एकाही खेळाडूने आजवर आपण समलिंगी असल्याचे जाहीर केलेले नाही. याचा अर्थ असा कोणी कधी खेळलाच नाही, असे मानायला आम्ही तयार नाही.

आपल्या शेजारच्या ओडिशाची द्युती चंद ही धावपटू. जाजपूर जिल्ह्यातल्या विणकर कुटुंबातली मुलगी. मे २०१९ मध्ये तिने आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे जाहीर केले. घरातून विरोध झाला, गावातून टीका झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०० मीटरमध्ये सुवर्णपदक आणले. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली, पण ती गोष्ट वेगळी. दोन्ही गोष्टी एकत्र कालवून ‘बघा, अशा लोकांचे असेच होते’ म्हणणारे भेटतात, त्यांना एवढेच विचारावे की उत्तेजक घेतल्याबद्दल आजवर जे शेकडो खेळाडू पकडले गेले ते सगळे समलिंगी होते काय? द्युती एकटीने धावणारी खेळाडू होती, हेही ध्यानात घ्यावे. घड्याळाला पक्षपात करता येत नाही. सांघिक खेळात मात्र चेंडू कोणाकडे द्यायचा हेसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर असते.

मराठी घरातले उदाहरण हवे असेल तर तेही आहे. बीडचे संजय बांगर रेल्वेकडून वर्षानुवर्षे रणजी खेळले, भारताकडून खेळले, भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते. त्यांचे अपत्य मुलगा म्हणून क्लब क्रिकेट खेळत होते. २०२४ मध्ये अनाया या नावाने तिने आपण स्त्री असल्याचे जाहीर केले. हा समलिंगी असण्याचा प्रश्न नव्हे, लिंगबदलाचा आहे, आणि अशा खेळाडूंनी महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळावे की नाही यावर क्रिकेट परिषदेने २०२३ मध्ये बंदीचा नियम केला आहे. त्या वादात आम्ही इथे पडत नाही. पण क्रिकेटच्या वर्तुळात मर्दानगीचा किती दबाव असतो आणि कसली वागणूक वाट्याला येते, याबद्दल तिने उघडपणे जे सांगितले ते समलिंगी खेळाडूलाही तंतोतंत लागू पडते. भारतीय संघाच्या प्रशिक्षकाच्या घरातल्या व्यक्तीची ही स्थिती, तर खलाशाच्या किंवा गँगमनच्या मुलाची काय असेल?

विलायतेतही हे एका दिवसात झाले नाही. जस्टिन फॅशनू हा १९८१ साली दहा लाख पौंडांची किंमत मिळालेला इंग्लंडमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. त्याच्याबद्दल कुणकुण लागताच त्याच्या व्यवस्थापकाने त्याला संघाबरोबर सराव करू दिला नाही. १९९० मध्ये त्याने स्वतःच जाहीर केले. सख्खा भाऊसुद्धा दूर गेला. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर इंग्लंडमध्ये खेळत असलेल्या दुसऱ्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने तोंड उघडायला २०२२ साल उजाडले. तो होता ब्लॅकपूल संघाचा जेक डॅनियल्स, वय वर्षे सतरा. म्हणजे दोघांच्या मध्ये बत्तीस वर्षे गेली! मधल्या काळात त्या देशात कायदे बदलले, लग्नाची परवानगी मिळाली, पण पुरुषांच्या फुटबॉलची खोली तशीच बंद राहिली. यावरून नुसत्या कायद्याने काम भागत नाही हे दिसते.

याउलट न्यूझीलंडकडे बघा. त्या देशाची माजी कर्णधार एमी सॅटर्थवेट आणि वेगवान गोलंदाज ली ताहुहू यांनी २०१७ मध्ये लग्न केले. २०१९ मध्ये सॅटर्थवेट गरोदर राहिली तेव्हा तिचा करार रद्द झाला नाही. का? तर खेळाडूंच्या संघटनेने बोर्डाशी वाटाघाटी करून त्याच वर्षीच्या सामूहिक करारात गरोदरपणाच्या रजेची तरतूद करून घेतली होती. तिच्या नवऱ्याचे नाव काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ही किमया भाषणांची नव्हे, करारातल्या कलमाची आहे. आपल्यासारख्या संघटनावाल्यांना यातला अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडे कायदा कुठवर आला आहे? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीने असलेले समलिंगी संबंध वगळले. तेव्हापासून तो गुन्हा नाही. शिवाय रेल्वे म्हणजे राज्यसंस्था, तिला घटनेचे समानतेचे कलम लागू आहे. उत्तर प्रदेशातल्या एका होमगार्डला पुरुष जोडीदाराबरोबरच्या चित्रफितीवरून २०१९ मध्ये कामावरून काढले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो आदेश रद्द केला. हा निकाल प्रत्येक शाखेच्या फायलीत असायला हवा.

तो निकाल ज्यांच्या वाट्याला आला नाही अशा एका मराठी माणसाची आठवण येथे केलीच पाहिजे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात लोक कॅमेरा घेऊन घुसले. घुसणारे बाजूला राहिले आणि निलंबन झाले ते सिरसांचे. वर क्वार्टर खाली करण्याचा हुकूम. १ एप्रिलला उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. निलंबन आणि क्वार्टर, ही दोन हत्यारे रेल्वे कर्मचाऱ्याला चांगली ओळखीची आहेत.

आता आपल्याच लोकांच्या शंका. पहिली नेहमीची: शिबिरात एका खोलीत दोघे-तिघे राहतात, तेव्हा बाकीच्यांनी काय करायचे? यावर आमचे म्हणणे असे, की गैरवर्तन हे गैरवर्तन आहे, ते कोणी कोणाशी केले यावर शिक्षा ठरत नाही. २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेले साक्षी मलिक, विनेश फोगट आणि बजरंग पुनिया हे तिघेही रेल्वेचेच कर्मचारी होते. त्यांची तक्रार कोणा समलिंगी खेळाडूविरुद्ध नव्हती, खुर्चीवर बसलेल्या पदाधिकाऱ्याविरुद्ध होती. खेळाडूला भीती असते ती सत्तेची. बाजूच्या खाटेवर झोपणाऱ्या सहकाऱ्याची नसते.

दुसरी शंका, ही पाश्चात्त्यांची थेरे आहेत. मग द्युतीचे गाव कुठल्या पश्चिमेला आहे? छत्तीसगड पोलिसांनी २०२१ मध्ये १३ तृतीयपंथी उमेदवारांना शिपाई म्हणून घेतले, त्यांतले बरेच आपल्या रायपूरचे. मैदानावरची शारीरिक चाचणी देऊन ते भरती झाले. तृतीयपंथी आणि समलिंगी हे एक नव्हेत, पण ‘लोक काय म्हणतील’ ही भिंत दोघांपुढे सारखीच आहे, आणि पोलीस खात्यासारख्या कडक खात्याने तिला खिंडार पाडले. रेल्वेने मागे का राहावे?

तिसरी गोष्ट शंका नाही, सवय आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून झेल सोडणाऱ्याला ‘बायल्या’ म्हणणे, ‘छक्का’ म्हणणे. आपल्या सभासदांच्या तोंडीही हे शब्द सर्रास असतात आणि त्यात काही वाईट आहे असे कोणाला वाटत नाही. जातीवरून शिवी दिली तर आता माणूस दोनदा विचार करतो. तेवढा विचार इथेही करायला काय हरकत आहे? संघात कोणी एक जण गप्प बसून ते ऐकत असतो, त्याच्या खेळावर काय परिणाम होत असेल याचा हिशेब प्रशिक्षकानेसुद्धा मांडावा. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याने आधी आपल्या संघातल्या सहकाऱ्यांना सांगितले, त्यांनी सांभाळून घेतले, आणि मग फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने जगाला सांगितले. आधी सहकारी, मग जग, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

कोणीही आपले खासगी आयुष्य जाहीर करावे अशी आमची मुळीच मागणी नाही. गप्प राहायचे असेल त्याने गप्प राहावे. मात्र बोलणाऱ्याची भाकरी जाता कामा नये. जोडीदाराला पास, वैद्यकीय कार्ड, कुटुंब निवृत्तिवेतन हे प्रश्न पुढचे आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि विषय संसदेकडे सोपवला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त बँक खाते आणि शिधापत्रिकेबाबत सूचना काढल्या. शिधापत्रिकेवर जोडीदार चालतो तर पासावर का नाही, हे विचारण्याची वेळ येईल तेव्हा विचारूच.

आज हातात घेण्यासारखे काम लहान आहे. आंतर-रेल्वे स्पर्धेसाठी किंवा शिबिरासाठी निवडलेल्या खेळाडूचे नाव मागाहून वगळले गेले, तर त्याने मागितल्यावर कारण लेखी मिळाले पाहिजे. त्यावर अपील ऐकणारा अधिकारी त्या संघाच्या निवडीशी संबंध नसलेला असावा, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव सूचना फलकावर किंवा कार्यालयाच्या चहापानात फिरू नये. हा नियम समलिंगी खेळाडूसाठी वेगळा मागायची गरजही नाही, सर्वच खेळाडूंना तो हवा आहे. पुढच्या पीएनएम बैठकीच्या विषयपत्रिकेसाठी हा मुद्दा आम्ही पाठवला आहे. ज्या शाखांत क्रीडा कोट्यातले कर्मचारी आहेत त्यांनी गेल्या दोन वर्षांत कारण न देता वगळलेल्या खेळाडूंची संख्या, नावे न लिहिता, आमच्याकडे कळवावी.