श्वास कुठे घ्यायचा?

मंडळी, दिवाळी अंकात युफोनियमवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. गेल्या वर्षी आपल्या कार्यक्रमात माझ्या नातीने ते भलेमोठे पितळी वाद्य मांडीवर घेतले, तेव्हाही त्या उंचावल्या होत्या. तिने व्हेनिसच्या बेनेदेत्तो मार्चेल्लोचा सोनाटा वाजवला, पियानोवर मी होतो. नंतर एका जाणकार मित्राने मला बाजूला घेतले. "अहो, हे संगीत चेलोचं. ते या भोंग्यावर कशाला?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

बाख 1750 साली गेला. युफोनियम जर्मनीत जन्मले ते 1840 च्या दशकात. म्हणजे बरोक काळातल्या कोणीही या वाद्यासाठी एक सूरही लिहिलेला नाही. इथे ब्रिटनमध्ये मात्र ब्रास बँडमधले ते मानाचे वाद्य. ज्या मुलांच्या हाती ते पडते, त्यांनी बरोक संगीताला कायमचे मुकावे काय?

त्या काळातल्या लोकांना तरी हे मान्य झाले नसते. बाखने विवाल्दीची चार व्हायोलिनची कॉन्चेर्टो चार हार्पसिकॉर्डसाठी मांडली. गॅलियर्डने 1733 साली लंडनमध्ये 6 सोनाटा छापले, ते 'बासून किंवा चेलोसाठी' म्हणूनच. आणि आपण तरी काय केले? हार्मोनियमचे पेटंट 1842 सालचे, पॅरिसचे. तिच्यावर मींड निघत नाही हे ठाऊक असूनही आपण तिला पेटी म्हणून घरात घेतले. आज पेटीशिवाय नाट्यसंगीत सुचत नाही.

तरीही मित्राचे अर्धे म्हणणे मला पटते. रूपांतर आंधळेपणाने केले तर ते वाईटच होते. मी ते करून पाहिले आहे. बाखच्या पहिल्या चेलो सुइटचे प्रेल्यूड मी नातीसाठी स्वर न् स्वर उतरवून दिले. काही ओळींतच ती लालबुंद होऊन थांबली. "आजोबा, श्वास कुठे घेऊ?" चेलोच्या गजाला श्वास लागत नाही, हे साठ वर्षे संगीत ऐकणाऱ्या माझ्या लक्षातच आले नव्हते!

तेव्हापासून मी स्वर गाळायला शिकलो. खालचा आधारस्वर गाळायचा नाही, जिथे सुसंवाद बदलतो तो स्वरही नाही. ज्याचे काम शेजारचा स्वर करतो आहे, तो जाऊ द्यायचा.

पियानोचेही तसेच. अशा सोनाटांत मूळ रचनाकार बहुधा फक्त खालची ओळ आणि तिच्यासोबत आकडे लिहून ठेवी. वरची भर वाजवणाऱ्याने घालायची, आपला पेटीवाला साथीत घालतो तशी. म्हणून जुन्या छापील प्रतींतले जाडजूड कॉर्ड पवित्र मानू नका, ते पुष्कळदा नंतरच्या संपादकांचे असतात. युफोनियमचा आवाज पुरुषी गळ्याच्या पट्टीतला. डाव्या हाताने तिथेच गर्दी केली की सगळा चिखल होतो. डावा हात हलका ठेवा, उजवा थोडा वर न्या, पेडल जपून वापरा.

पट्टीही पाहावी लागते. ब्रास बँडच्या पद्धतीत नातीच्या कागदावरचा 'सी' प्रत्यक्षात एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर इतका खाली, पेटीच्या काळी पाचवर वाजतो. तिच्यासाठी तसा वेगळा कागद लिहावा लागतो.

काही रचनांना हात लावू नये, हेही मान्य. बाखचा व्हायोलिनचा शाकोन घ्या. एकाच वेळी तीन-चार तारांवर उभे राहणारे ते संगीत, एका वेळी एकच सूर काढणाऱ्या वाद्यावर उरेल तरी किती?

तेव्हा ज्येष्ठांना विनंती, वाद्याचा आकार पाहून निकाल देऊ नका, ऐकून द्या. आणि मुलांनो, तुम्ही खुशाल रूपांतर करा. मात्र पहिल्या पानावर मूळ रचनाकाराचे नाव आणि मूळ वाद्य लिहा, आपण काय बदलले तेही लिहा. ज्याला मूळ शोधायचे आहे, त्याला वाट सापडली पाहिजे.

यंदा नात गॅलियर्ड वाजवणार आहे. मी पेन्सिलीने केलेल्या श्वासाच्या खुणा तिने खोडल्या आणि स्वतःच्या घातल्या. दोन ठिकाणी मला त्या पटलेल्या नाहीत. ऐकायला या, आणि कोणाचे बरोबर ते सांगा.

शुभ दीपावली!