पदवी भिंतीवर, कौशल्य हातात

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठी मध्यमवर्गीय घरांत इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. संगणकाची पदवी, हिंजवडीत नोकरी, पुण्यात सदनिका आणि जमल्यास अमेरिकेची वारी, असा सुरक्षित आयुष्याचा आराखडा गेल्या तीन दशकांत ठरूनच गेला. या आराखड्याला आता तडा गेला आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळात सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून अधिक जणांची कपात जाहीर केली. तिचा रोख प्रामुख्याने मधल्या आणि वरिष्ठ फळीवर होता. गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण ऐन भरात असण्याचे हे वय!

महाराष्ट्राने असा आघात पूर्वी अनुभवला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु जुनाट यंत्रे आणि यंत्रमागाची स्पर्धा यांनी गिरण्यांचा पाया आधीच पोखरला होता, हे मात्र विसरले गेले. साच्यावर आयुष्य घालवलेल्या कामगाराच्या हाती दुसरे कौशल्य नव्हते. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. त्यांच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभे राहण्याची वेळ कित्येक कामगारांवर आली.

तेव्हा शारीरिक श्रमावर संकट आले. आज ते लेखणीवर आणि कळफलकावर आले आहे. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरले आणि ठरावीक नमुन्याचे प्रोग्रॅम लिहिणे, त्यांची चाचणी घेणे, ग्राहकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरे देणे, ही नवोदितांची कामे यंत्र करू लागले. जे काम नियमांत बांधता येते, ते यंत्राकडे जाण्याचा धोका मोठा; मग ते कारखान्यातले असो वा वातानुकूलित कचेरीतले. याउलट, जुन्या इमारतीतील वीजजोडणीचा दोष शोधणारा वायरमन किंवा रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका यांची जागा घेणे यंत्राला अद्याप साधलेले नाही. लेखणी श्रेष्ठ आणि हात कनिष्ठ, ही उतरंड आता टिकणारी नाही.

या उतरंडीची किंमत देशाने मोजली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाज उद्धृत केला आहे. त्यानुसार 19 ते 24 वयोगटातील भारतीय मनुष्यबळापैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले 5 टक्क्यांहूनही कमी होते. जर्मनीत हे प्रमाण 75 टक्के, तर दक्षिण कोरियात 96 टक्के. भारतात कायद्यांची वाण नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. 2019 च्या दुरुस्तीनुसार 30 वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मात्र शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला मजूर, असे मानणाऱ्या उद्योजकाला आणि आयटीआय म्हणजे नापासांचा आसरा, असे मानणाऱ्या पालकाला कायदा बदलू शकत नाही.

येथे जबाबदारी तिघांची आहे. उद्योगांनी कपातीची सूचना देण्यापूर्वी पुनर्प्रशिक्षणाची संधी द्यावी; वर्षानुवर्षे राबलेला माणूस हा सुटा भाग नव्हे. शासनाने आयटीआयमधील यंत्रे आणि अभ्यासक्रम काळाबरोबर ठेवावेत. कुटुंबांनी मुलांना ‘कोणती पदवी घेणार?’ याबरोबरच ‘कोणते काम उत्तम करता येते?’ हेही विचारावे. पदवी एकदाच मिळते; शिकणे मात्र निवृत्तीपर्यंत चालू ठेवावे लागणार आहे.

गिरणगावाला सावध करणारे कोणी वेळेवर भेटले नाही. या पिढीला इशारा मिळाला आहे. तो ऐकूनही समाज जुन्याच आराखड्याला चिकटून राहिला, तर दोष यंत्राला देता येणार नाही.