विश्लेषण : गेम कन्सोलची टंचाई संपली, पण भाव का उतरत नाहीत? बिलोलीच्या ग्राहकासाठी याचा अर्थ काय?

टीव्हीला जोडून खेळायचे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स हे कन्सोल २०२०-२१ मध्ये जगभरात मिळेनासे झाले होते. भारतात पहिला साठा काही मिनिटांत संपला. आता माल मिळतो, मात्र किंमत पहिल्यापेक्षा जास्त आहे. त्यातच २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपची नवी टंचाई सुरू झाली असून तिची झळ कन्सोलपुरती मर्यादित राहणारी नाही. नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात ज्याच्यावर गेम खेळला जातो, त्या मोबाइलपर्यंत ती पोहोचू शकते. हे गणित नेमके काय आहे, ते समजून घेऊ.

भारतात नेमके काय घडले होते?

मायक्रोसॉफ्टने १० नोव्हेंबर २०२० रोजी एक्सबॉक्सची नवी मालिका भारतात आणली. सीरिज एक्सची किंमत ४९,९९० रुपये, तर सीरिज एसची ३४,९९० रुपये होती. सोनीचे प्लेस्टेशन ५ अमेरिका आणि जपानमध्ये १२ नोव्हेंबरला आले. भारतातील ग्राहकांना मात्र २ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. १२ जानेवारीला दुपारी आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांतच सगळ्या संकेतस्थळांवर ‘माल संपला’ अशी पाटी लागली. त्यानंतरही दर काही आठवड्यांनी थोडा साठा यायचा आणि लगेच संपायचा. डिस्क असलेल्या आवृत्तीची छापील किंमत ४९,९९० रुपये होती, पण फेरविक्री करणारे त्याहून बरीच जास्त रक्कम मागत होते.

ही स्थिती सुमारे दोन वर्षे टिकली. आर्थिक वर्ष २०२१-२२ साठी सोनीने १ कोटी ४८ लाख प्लेस्टेशन ५ विकण्याचे लक्ष्य ठेवले होते, प्रत्यक्षात १ कोटी १५ लाख विकले गेले. मागणी होती, पण यंत्रे तयार होत नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये सोनीने पुरवठा सुरळीत होत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विक्रीने ५ कोटींचा टप्पा ओलांडला.

टंचाई का निर्माण झाली?

कन्सोल म्हणजे एका विशिष्ट कामासाठी बांधलेला संगणक. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स या दोन्हींचा मुख्य प्रोसेसर अमेरिकेच्या एएमडी कंपनीने आराखडलेला आहे आणि तो तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या कारखान्यात बनतो. म्हणजे बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन यंत्रे एकाच कारखान्याच्या दारात रांगेत उभी होती. त्याच रांगेत मोबाइल, लॅपटॉप आणि सर्व्हर बनवणारेही होते.

करोनाकाळात घरून काम आणि ऑनलाइन शाळा सुरू झाल्याने लॅपटॉपची मागणी वाढली. वाहन कंपन्यांनी आधी चिपच्या मागण्या रद्द केल्या आणि विक्री सावरताच पुन्हा नोंदवल्या. चिपचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे आणि हजारो कोटी रुपये लागतात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढवता येत नाही. शिवाय मुख्य प्रोसेसर तयार असूनही उपयोग नसतो. वीजपुरवठा नियंत्रित करणारी काही रुपयांची साधी चिप आली नाही, तरी पन्नास हजारांचे यंत्र जुळणीच्या पट्ट्यावर अडकून पडते.

यात फेरविक्रेत्यांनी भर घातली. स्वयंचलित प्रणाली वापरून संकेतस्थळावरचा साठा क्षणात उचलायचा आणि तोच चढ्या भावाने विकायचा, हा प्रकार अनेक देशांत झाला. त्यामुळे खऱ्या खेळणाऱ्याला यंत्र मिळेना, आणि खरी मागणी किती व साठेबाजी किती, याचा अंदाज कंपन्यांनाही येईना.

भारतात किंमत जास्त का?

अमेरिकेत प्लेस्टेशन ५ ची सुरुवातीची किंमत ४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३७ हजार रुपये होती. भारतात तेच यंत्र ४९,९९० रुपयांना आले. अमेरिकेतील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, हे लक्षात घेतले तरी फरक मोठा आहे.

यामागे कराचे दोन टप्पे आहेत. पहिला सीमाशुल्काचा. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. दुसरा जीएसटीचा. हा दर सुरुवातीला २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. १८ टक्क्यांनी हिशेब केला, तर ५४,९९० रुपयांच्या यंत्रात जीएसटीचाच वाटा सुमारे ८,४०० रुपये येतो. वाहतूक, डॉलरचा दर आणि विक्रेत्याचा नफा हे वेगळे.

भारतात मोबाइलची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते. प्रमुख कन्सोल मात्र आयातच होतात. स्थानिक उत्पादनाचा जो फायदा मोबाइलच्या ग्राहकाला मिळतो, तो कन्सोलच्या ग्राहकाला मिळत नाही.

नियमांमुळेही माल अडतो का?

अडतो. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम हे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी यादीत आहेत. सुरक्षा चाचणी आणि नोंदणीशिवाय ते विकता येत नाहीत. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण त्यात वेळ जातो.

ठळक उदाहरण प्लेस्टेशन ५ प्रोचे. हे यंत्र ७ नोव्हेंबर २०२४ रोजी जगात विक्रीला आले, भारतात मात्र आले नाही. त्यात वाय-फायची नवी पिढी आहे आणि ती ६ गिगाहर्ट्झ लहरींचा पट्टा वापरते. हा पट्टा भारतात तेव्हा वाय-फायसाठी खुला नव्हता. त्याचा काही भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. यावेळी चिप होती, कारखाना होता आणि ग्राहकही होता. अडले ते लहरींच्या परवानगीपाशी.

निन्टेन्डोची गोष्ट आणखी वेगळी. स्विच २ हे यंत्र ५ जून २०२५ रोजी आले आणि चार दिवसांत जगभरात ३५ लाखांहून अधिक विकले गेले. जपानमध्ये कंपनीच्या दुकानातील सोडतीसाठी सुमारे २२ लाख जणांनी नावे नोंदवली होती. भारतात मात्र कंपनीची अधिकृत विक्रीच नाही. येथे दिसणारी यंत्रे परदेशातून खासगीरीत्या आणलेली असतात.

बिलोलीत कन्सोल का दिसत नाही?

तालुक्याच्या गावाला टीव्ही गेम नवा नाही. नव्वदच्या दशकात ‘मीडिया’ आणि ‘समुराई’ नावांची यंत्रे लहान गावांतही पोहोचली होती. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा असायचा, मारिओ आणि कॉन्ट्रा घरोघरी माहीत झाले होते. यंत्र बिघडले तर गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा ते उघडायचा. हा बाजार स्वस्त नकलेवर उभा होता, पण तो गावाच्या खिशाला झेपत होता.

आजच्या कन्सोलचे गणित शेतीच्या भाषेत मांडता येते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. ५४,९९० रुपयांचे प्लेस्टेशन घ्यायचे, तर हमीभावाने दहा क्विंटलहून अधिक सोयाबीन विकावे लागेल. बाजारात हमीभाव मिळाला नाही, तर त्याहून जास्त. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि मजुरीचा खर्च वजा करायचा तो वेगळाच.

यंत्र आणल्यावरही खर्च थांबत नाही. दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास जातो. मोठ्या कंपनीचा नवा गेम पाच हजारांपर्यंत असतो. कन्सोल खेळताना सुमारे २०० वॅट वीज घेतो, म्हणजे वीज गेली की टीव्हीसह तो चालवायला दमदार इन्व्हर्टर हवा. अनेक मोठे गेम १०० जीबीच्या पुढे आहेत. रोज २ जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर असा एक गेम उतरवायला सारा डेटा त्यालाच दिला तरी ५० दिवस लागतील. डिस्क घेतली तरी नंतरचे अपडेट इंटरनेटवरूनच येतात.

साखळी दुकानांचे जाळेही प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे. बिलोलीच्या ग्राहकाला यंत्र हाताळून पाहायचे तर नांदेड, सीमेपलीकडचे निजामाबाद किंवा थेट हैदराबाद गाठावे लागते. २०२१ मधील टंचाईच्या काळात महानगरातला ग्राहक दुकानात चौकशी करून ठेवू शकत होता. लहान गावातल्या ग्राहकाकडे दुपारी बाराला मोबाइलवर बोट ठेवून बसण्याखेरीज फारसा पर्याय नव्हता.

म्हणजे मागणीच नाही का?

मागणी आहे, ती मोबाइलवर गेली आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्याची चर्चा गावागावांत झाली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दहा-पंधरा हजारांच्या मोबाइलवर अभ्यास, बँकेचे व्यवहार, पीक विम्याची माहिती आणि गेम असे सगळे होते. घरात एकच मोठी खरेदी शक्य असेल, तर ती मोबाइलची होणार, हे उघड आहे.

कंपन्यांचा हिशेब याच्याशी जोडलेला आहे. जिथे विक्री कमी, तिथे टंचाईत साठाही कमी येतो. साठा, दुकान आणि दुरुस्ती केंद्र नसल्याने नवा ग्राहक तयार होत नाही. मग विक्री कमीच राहते. बिलोली या चक्राच्या अगदी टोकाला आहे.

टंचाई संपली, तर भाव का उतरले नाहीत?

पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरना आले आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरले. त्याच्या १६ कोटी विक्रीमागे ही स्वस्ताई मोठे कारण होती. जुन्या चिप नव्या तंत्राने लहान आणि स्वस्त बनत, तो फायदा ग्राहकापर्यंत येई.

आता उलटे घडते आहे. प्लेस्टेशन ५ भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ५ हजारांनी महागले आणि ५४,९९० रुपयांवर गेले. एप्रिल २०२४ मध्ये आलेली स्लिम आवृत्तीही त्याच किमतीला आली. अमेरिकेत सोनीने ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलर वाढवले. ४९९ डॉलरना आलेली एक्सबॉक्स सीरिज एक्स मे २०२५ मध्ये ५९९ आणि ऑक्टोबरमध्ये ६४९ डॉलरवर गेली. अमेरिकेतील आयात शुल्क, महागाई आणि चिप लहान करण्याचा वाढलेला खर्च ही त्यामागची कारणे आहेत.

आता नवी टंचाई कशाची?

मेमरी चिपची. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती जगातील बहुतांश रॅमचे उत्पादन आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना खास वेगवान मेमरी लागते आणि तिला भावही चांगला मिळतो. त्यामुळे उत्पादन क्षमता तिकडे वळते आहे. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने सामान्य ग्राहकांना रॅम विकणारा ‘क्रुशियल’ हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली, यावरून दिशा स्पष्ट होते.

२०२० च्या टंचाईत अडचण झाली ती महागडे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याची. रॅम मात्र कन्सोलमध्ये लागते तशीच लॅपटॉपमध्ये आणि स्वस्त मोबाइलमध्येही लागते. महाग यंत्रात कंपनी काही खर्च स्वतः सोसू शकते. दहा हजारांच्या मोबाइलमध्ये नफाच थोडा असतो, म्हणून तिथे किंमत वाढते किंवा त्याच किमतीत रॅम कमी मिळते. डेटा सेंटरची भूक अशी थेट तालुक्याच्या मोबाइल दुकानापर्यंत येते.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

कन्सोल घ्यायचाच असेल, तर जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावरचा अनुक्रमांक यंत्राशी जुळवून पाहावा. परदेशातून आणलेल्या यंत्राला भारतात वॉरंटी साधारणतः मिळत नाही, म्हणून दोन-चार हजारांच्या बचतीसाठी ते घेणे जोखमीचे. समाजमाध्यमावरील अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे पाठवू नयेत. जुने यंत्र घेताना किमान अर्धा तास चालवून पाहावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

भाव उतरतील म्हणून थांबण्याचा जुना सल्ला सध्या फारसा लागू पडत नाही. मात्र भाव वाढतील या भीतीने कर्ज काढून घाई करण्याचेही कारण नाही. मोबाइल बदलायचा असेल, तर जाहिरातीतल्या कॅमेऱ्याच्या आकड्याआधी रॅम किती, हे तपासावे. त्याच किमतीच्या जुन्या मॉडेलपेक्षा ती कमी असेल, तर भाववाढ झालेलीच आहे, फक्त ती पाटीवर लिहिलेली नाही.