इमारती अकस्मात कोसळत नाहीत

गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर उभारलेला पूल १९८६ च्या जुलै महिन्यात कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते. काँक्रीट एकदा ओतले की पिढ्यान्‌पिढ्यांची चिंता मिटली, या समजुतीला त्या दुर्घटनेने जबर तडा दिला. परंतु त्यापासून घ्यावयाचा धडा किनाऱ्यालगतच्या शहरांनी अद्यापि पुरता घेतलेला नाही. पावसाळ्यात कोठे सज्जा ढासळतो, कोठे छत कोसळते. आणि दर वेळी ‘अकस्मात’ हा शब्द सोयीस्करपणे पुढे केला जातो.

वस्तुतः यात अकस्मात असे काहीच नसते. सिमेंटमधील अल्कधर्म काँक्रीटमधील पोलादी सळयांचे गंजापासून रक्षण करतो. हवेतील कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून हा गुणधर्म क्षीण करतो. समुद्राकाठच्या हवेतील क्षार ते संरक्षण थेट भेदतात. सळईवरील आवरण पातळ राहिले असेल, मिश्रणात पाणी अधिक घातले असेल, किंवा नव्या कामावर पुरेसे दिवस पाणी मारले नसेल, तर या शत्रूंना दार उघडेच मिळते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबाने आवरण फुटते, सळईच्या रेषेत भेग उमटते, भेगेतून पाणी शिरते आणि गंज दुणावतो.

अशी भेग ही केवळ गिलाव्याची तक्रार नव्हे. तरीही तिच्यावर सिमेंट थापून रंग फासण्यालाच दुरुस्ती म्हटले जाते. खऱ्या दुरुस्तीचा क्रम निराळा आहे. आधी नळांची व गच्चीची गळती थांबवावी लागते, भार पेलण्यास टेकू द्यावे लागतात. मग पोकळ वाजणारे काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून, गंज खरवडून, झिजलेल्या सळईला नव्याची जोड द्यावी लागते. त्यानंतरच नवा मसाला भरावयाचा. त्यातही क्षारांनी भरलेले जुने काँक्रीट शेजारी तसेच राहिले, तर ठिगळाच्या कडेलाच गंज पुन्हा उसळतो. म्हणून शास्त्रशुद्ध चाचण्यांवाचून केलेला खर्च हा बव्हंशी रंगावरचाच खर्च ठरतो.

कायद्याने तपासणी सांगितलेली नाही असे नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी व त्यापुढील इमारतींची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावयास हवी. पण तपासणी म्हणजे सुरक्षितता नव्हे. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळून माणसे दगावली. त्या पुलाचीही तपासणी पूर्वी झालेलीच होती.

खरी अडचण पैशाची आहे. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी किमान पाऊण टक्का वार्षिक वर्गणी घ्यावयाची असते. पण ती मोजली जाते बांधकामाच्या मूळ खर्चावर. चाळीस वर्षांपूर्वीच्या खर्चाचा पाव टक्का आजच्या बाजारभावात किती पुरणार? या किमान आकड्यावरच समाधान मानणाऱ्या संस्थेची तिजोरी गरजेच्या वेळी रिकामी आढळली, तर नवल नाही. त्यातच ‘आज ना उद्या पुनर्विकास होणार, मग खर्च कशाला?’ हा युक्तिवाद सभेत सहज मान्य होतो. विकासक येईपर्यंत गंज थांबत नाही, एवढेच तेथे विसरले जाते.

तेव्हा निधीची किमान वर्गणी चालू बांधकाम-दराशी जोडणे, तपासणीचा अहवाल दर्शनी भागी लावणे बंधनकारक करणे, आणि गरीब वस्त्यांतील संस्थांना दुरुस्तीसाठी अल्पव्याजी कर्ज देणे, हे तीन उपाय शासनाने योजावयास हवेत. मृतांच्या वारसांना मदत जाहीर करण्यास शासन तत्पर असते. तीच तत्परता पहिली भेग दिसताच दाखविली, तर त्या मदतीची वेळ पुष्कळदा येणार नाही.