मालवणला जाताय? पाय वर घ्या!

होस्टेलची ट्रिप म्हटली की मालवणचं नाव निघतंच. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबते. लाइफ जॅकेट, मास्क, तोंडात नळी, की झालं स्नॉर्केलिंग सुरू. मजा येते, नाही कोण म्हणतो? पण फोटोसाठी माशांना ब्रेड चारायचा आणि दमलो की खालच्या 'दगडावर' उभं राहायचं, हे मला अजिबात पटत नाही. तो दगड नाही राव, प्रवाळ आहे. जिवंत प्राण्यांची वसाहत. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे आपली डिग्री होईपर्यंत फार तर दोन-तीन बोटं! अंगात जॅकेट असतं, मग तरंगा की! १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, पण पाण्याखाली कोण पाहतंय? होडीचा नांगर तर आपल्या पायापेक्षा जड. अर्थात सगळा दोष होडीवाल्या काकांना देणं सोपं आहे. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि ब्रेड आपणच मागतो. यंदाची ट्रिप ठरवणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच सांगावं: ब्रेड नको, आणि नांगर वाळूतच टाका.