रोही, रायफल आणि परवाना

पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत तुरीला शेंग धरू लागली आणि ज्ञानगंगेच्या डोंगरउतारावरील वावरांत हरभरा वर आला, की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याची जागल सुरू होते. आणि रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, कळपाने तुडवलेली पिके व रानडुकरांनी उकरलेला मका ज्याने एकदा पाहिला आहे, त्याच्या तोंडी बंदुकीचा विषय आल्यावाचून राहत नाही. पूर्वी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला तरी भरून पावलो असे मानणाऱ्या कुटुंबांतील तरुण आज मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांची चित्रणे पाहतात आणि वजनाला हलकी, दुर्बीण बसवलेली, बोल्टची रायफल आपल्यालाही मिळावी, निदान घरातील जुनी रायफल तरी कापून-तासून हलकी करून घ्यावी, असे बोलू लागतात. या मागणीमागचा संताप सर्वथा रास्त आहे. मात्र त्या संतापाचे उत्तर हलक्या रायफलीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हलकी रायफल ही मुळात डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याची गरज आहे. आल्प्सच्या कड्यांवर रानशेळीच्या मागे दिवसभर चालावे आणि संध्याकाळी कदाचित एकच गोळी झाडावी, असा ज्याचा क्रम, त्याला खांद्यावरचा प्रत्येक पावशेर जाचतो, आणि म्हणून त्याच्यासाठी हलक्या दस्त्याची, बारीक नळीची शस्त्रे घडवली गेली. आमचा शेतकरी गोठ्यापासून माळ्यापर्यंत चालतो आणि पुढे रात्रभर एका जागी बसतो. हलकेपणाचा लाभ त्याच्या वाट्याला जवळजवळ येत नाही, त्याची किंमत मात्र त्याला पुरेपूर मोजावी लागते. काडतूस तेच ठेवून रायफल साडेतीन किलोवरून अडीच किलोवर आणली, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, हा पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब आहे. त्या धक्क्याच्या भीतीने नवशिक्याचे डोळे चाप ओढण्यापूर्वीच मिटतात, बारीक नळी दोन-चार बारांतच तापून गोळ्या भरकटू लागतात, आणि हलके शस्त्र श्वासासरशी, नाडीच्या ठोक्यासरशी हलत राहते. नेम साधण्याच्या कामी वजन हे वैगुण्य नसून साहाय्य आहे.

या दृष्टीने पाहता, जी रायफल आपल्याकडे जुनाट म्हणून हिणवली जाते तिची बाजू घेणे मला कर्तव्य वाटते. हुगळीकाठच्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल ही ली-एनफिल्डच्या बोल्टवर बेतलेली आहे. लष्करी जातीची काडतुसे खाजगी इसमांच्या हाती पडू नयेत या इंग्रजी अमलातील धोरणापायी .३०३ ऐवजी ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसाच्या वंशातील हे काडतूस हिंदुस्थानात रूढ झाले, आणि ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तयार होत आले. सुमारे साडेतीन किलो वजनाची, पाच काडतुसे मावणारी ही रायफल दिसायला ओबडधोबड खरी. परंतु शंभर-दीडशे पावलांवरच्या रोह्याला एका गोळीत आडवे करण्याचे सामर्थ्य तिच्यात निःसंशय आहे.

तिच्यात सुधारणा करू नये असे मात्र मी म्हणत नाही. दस्ता धारकाच्या खांद्याच्या मापाचा आहे की नाही हे पाहणे, नळी गंजमुक्त ठेवणे, ढिले स्क्रू आवळणे, दुर्बीण असल्यास तिची बैठक पक्की करणे, आणि जी काडतुसे प्रत्यक्ष वापरायची त्यांनीच ठरावीक अंतरावर गोळ्या झाडून नेम जुळवून घेणे, या गोष्टींनी जुन्या रायफलीचा कायापालट होतो. पण दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिरानेच करावयाचे असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये शस्त्रांची दुरुस्ती व विक्री करणाऱ्याला परवाना लागतो, आणि कलम ६ अन्वये परवान्यावाचून नळी आखूड करणे हाच अपराध ठरतो. गावच्या लोहाराकडून नळी कापून घेऊन शस्त्र हलके करणारा मनुष्य पिकाचे रक्षण करीत नाही, फौजदारी ओढवून घेतो.

शस्त्राचे मोल आणि हाताचे मोल यांतील अंतर शिकारी जिम कॉर्बेटच्या चरित्रात फार बोधप्रदपणे दिसते. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या पाठलागात त्याच्या रायफलीची काडतुसे संपली, तेव्हा शेवटचा बार त्याने तहसीलदारांकडून मागून घेतलेल्या बंदुकीने काढला. त्या बंदुकीची नळी आणि तिच्यामागचा ठोकळा यांत बोटभर म्हणावी अशी फट होती, आणि गोळी वाघिणीच्या उघड्या जबड्याऐवजी पंजाला लागली. वाघीण मेली ती आधीच्या जखमांनी. नादुरुस्त शस्त्र निष्णात नेमबाजाचीही फजिती करते, हा त्यातील पहिला धडा. या कामगिरीबद्दल कॉर्बेटला .२७५ जातीची सुबक रिग्बी रायफल बक्षीस मिळाली आणि पुढे ती त्याच्याबरोबर प्रसिद्धी पावली. परंतु तिच्यामागे लहानपणापासून कुमाऊंच्या जंगलात मुरलेला हात होता, जो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, हा दुसरा धडा.

आता कायद्याच्या अंगाने विचार करू. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती अपुरी आहे अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा उल्लेख आहे; रायफलीचा नाही. या भेदाला कारण आहे. अशा बंदुकीतून सुटणाऱ्या छऱ्यांचा जोर चाळीस-पन्नास मीटरांपलीकडे ओसरतो, उलट रायफलीची चुकलेली गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. आणि मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्या सपाट मुलखात, जिथे दर रात्री दुसऱ्या कोणाच्या तरी वावरात कोणी ना कोणी जागत असतो, तिथे गोळी अडवणारा डोंगर उभा नसतो. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. पूर्ण वाढलेल्या नर रोह्याचे वजन दोनशे किलोंच्या घरात जाते. छऱ्याने तो मरत नाही, जखमी होऊन दिवसेंदिवस तडफडतो, आणि जखमी रानडुक्कर तर माणसावर उलटते. म्हणून रायफल लागते हे मान्य करावे लागते. ती प्रत्येक घरात लागते, हे मान्य करता येत नाही.

शिवाय अंधारात जे हलते ते रोहीच असेल, याची हमी कोण देणार? ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे, बिबटे तेथे आहेतच, आणि २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून याच रानात येऊन राहिला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद केली. कलम ११ अन्वये उभ्या पिकाला धोकादायक ठरणारे, दुसऱ्या अनुसूचीतील रोही किंवा रानडुक्कर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमानेच मारता येते, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये त्यासाठी परवानगीची पद्धतही घालून दिली. दुखणे असे की अर्ज, पंचनामा, शिफारस आणि हुकूम या दफ्तरी वाटेवर कागद चालत असतो तोवर पीक संपून गेलेले असते. त्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली तर परवान्याच्या बंदुकाही ठाण्यात जमा करण्याचा शिरस्ता आहे.

म्हणून माझी तजवीज अशी, की नव्या परवान्यांची खैरात करण्यापेक्षा तालुकावार मोजक्या, प्रशिक्षित परवानाधारक नेमबाजांची यादी वनखाते व पोलीस यांनी मिळून करावी. त्यांच्या शस्त्रांची वार्षिक तपासणी आणि पोलिसांच्या गोळीबार मैदानावर नेमाची परीक्षा घ्यावी. आणि शेतकऱ्याच्या अर्जावर ठरावीक दिवसांत होकार वा नकार देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांपुरता अशी परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांकडे सोपवला आणि परवानाधारक नेमबाजांची मदत घेतली, तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य नाही. बिहारमध्ये २०१६ साली बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी नीलगाई मारल्या तेव्हा देशभर गदारोळ झाला, याचे स्मरण मला आहे. प्राणिमात्रांविषयीची ती कणव मी क्षुद्र मानत नाही. पण कुंपणात सोडलेली चोरटी वीज आणि खाद्यात दडवलेले स्फोटक यांनी होणारे मरण गोळीच्या मरणाहून अधिक क्रूर असते, आणि त्या विजेच्या तारेला माणूस, बैल, अस्वल असा भेद कळत नाही. सौर कुंपण व वेळेवरची नुकसानभरपाई ही पहिली पायरी असली पाहिजे, गोळी ही शेवटची.

जिल्हाधिकारी आणि वनाधिकारी यांनी येत्या रब्बीपूर्वी ही यादी व ही मुदत जाहीर करावी, एवढीच विनंती. आणि ज्या शेतकरी बांधवाकडे परवान्याची बंदूक आहे, त्याने ती हलकी करण्यावर खर्चायचे पैसे तिच्या दुरुस्तीवर आणि नेमाच्या सरावावर खर्चावेत. रात्री समोर काय उभे आहे व त्याच्या मागे काय आहे हे दोन्ही दिसेपर्यंत चापाला बोट लावू नये.