परदेशी जाताना घरचा हिशेब



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत राबणारी आमची आयटीआय झालेली पोरे आता कायमचे परदेशी जायचे म्हणतात. जरूर जा. पण आईच्या कानातले आणि राहते घर विकून जाऊ नका, एवढेच आमचे सांगणे आहे.

आखाती देशांत काम मिळते. पण नोकरी संपली की बहुतेकांना परतावेच लागते. कॅनडात कुशल कामगार कायमचा राहू शकतो. मात्र तिथली नोकरी आधी पक्की नसेल तर ठरलेली रक्कम खात्यावर दाखवावी लागते, आणि ती उसनी चालत नाही. सावकाराचा पैसा तिथे कामाचा नाही.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहा. अशा एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. पैसे देताच पावती मागा.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावला परिषद झाली. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. मित्र नवल भथेना यांचे कर्ज होते, शाहू महाराजांची मदत होती. पण त्याआधी पगारातून साठवलेली स्वतःची शिल्लक होती. इकडे संसाराचा गाडा रमाईंनी ओढला.

म्हणून हिशेबात मागे राहणाऱ्यांनाही धरा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि परतीचे भाडे आधी बाजूला काढा. मग तिकीट काढा.